'मानवाने निसर्गाचा नाश केला' हे वाक्य धड्यातून काढा : पाठ्यपुस्तककर्त्यांना खुले पत्र

पाठ्यपुस्तकांचे लेखक, संपादक आणि अभ्यासक्रम समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी विज्ञान शिकवते. पर्यावरणाचा धडा कोणत्याही इयत्तेचा असो, त्यात एक वाक्य हमखास भेटते : मानवाने स्वार्थापोटी निसर्गाचा नाश केला. मग प्रदूषणाचे प्रकार येतात, मग उपाययोजना, आणि शेवटी झाडे लावण्याचा संकल्प. हे वाक्य पुढच्या आवृत्तीत नसावे, आणि त्याच्या जागी माणसांच्या वेगवेगळ्या समाजांनी निसर्गाकडे पाहायची आपापली रीत कशी घडवली हे मुलांना वाचायला मिळावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

वाक्य निरुपद्रवी वाटते, पण ते खरे नाही. जंगल तोडणारा, तोडायचा परवाना देणारा, ते लाकूड विकत घेणारा आणि तेच जंगल वाचवायला झाडाला मिठी मारून उभी राहिलेली बाई, हे सगळे 'मानव' या एका नावाखाली आले की जबाबदारी कुणाचीच उरत नाही. त्याहून मोठे नुकसान मुलाच्या मनात होते. माणसाचा स्वभावच असा, अशी त्याची समजूत होते; आणि स्वभावाला औषध नसते हे तर त्याने घरीदारी ऐकलेलेच असते. मग ते संकल्प पाठ करते, गुण मिळवते आणि पुढच्या धड्याकडे वळते.

स्वभावाचा मुद्दा खोटा ठरवणारा एक अभ्यास तुमच्या समोर ठेवते. ग्वाटेमालाच्या उत्तरेला पेतेन नावाचा सखल, जंगलांचा प्रदेश आहे. तिथे तीन समाज शेजारी शेजारी राहतात : मूळचे इत्सा माया, बाहेरून येऊन वसलेले स्पॅनिशभाषक लादिनो, आणि डोंगराळ मुलखातून स्थलांतर केलेले केक्ची माया. जंगल तेच, माती तीच, पाऊस तोच, आणि तिघेही झाडी तोडून-जाळून शेती करणारे. स्कॉट अॅट्रन, डग्लस मेडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तिघांच्या शेतीची आणि विचारांची तुलना केली, आणि १९९९ मध्ये ती प्रसिद्ध केली. इत्सांकडून जंगलाची हानी सर्वांत कमी होत होती, केक्चींकडून सर्वांत जास्त, आणि लादिनो मधे होते.

कारण गरिबी म्हणावे, तर गरीब तिघेही होते. संघटनेचा अभाव म्हणावे, तर केक्चींच्या सामुदायिक संस्था तिघांत सर्वांत भक्कम होत्या आणि इत्सांकडे तशा फारशा नव्हत्याच. फरक डोक्यातल्या जंगलात होता. जंगलात कोण कोणाच्या उपयोगी पडते, असे संशोधकांनी विचारले. झाडे प्राण्यांना अन्न आणि निवारा देतात हे तिघांनीही सांगितले. प्राणीही झाडांच्या उपयोगी पडतात, बिया पसरवतात, हे इत्सांनी सांगितले, लादिनोंनीही बऱ्याच प्रमाणात सांगितले. केक्चींच्या उत्तरांत ही परतीची बाजू जवळपास नव्हतीच. इत्सांच्या समजुतीत जंगलाला राखणदार आत्मे आहेत, आणि झाडाशी गैर वागणाऱ्याला त्यांना जाब द्यावा लागतो.

या अभ्यासातले लादिनो मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. ते उपरे होते. इत्सांच्या देवता त्यांच्या नव्हत्या, भाषाही त्यांची नव्हती. पण जाणत्या इत्सांशी त्यांची उठबस होती. कोणते झाड राखायचे, कुठे जाळायचे नाही, हे ते बघून बघून शिकत होते, आणि जंगलाबद्दलचे त्यांचे विचारही हळूहळू इत्सांच्या जवळ सरकत होते. केक्चींचा समाज मात्र आपल्यातच घट्ट बांधलेला, त्यामुळे शेजारचे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. यात केक्चींना कमी लेखायचे कारण नाही. जो मुलूख सोडून यावे लागले तिथले त्यांचे ज्ञान या सखल जंगलात उपयोगी नव्हते, एवढेच. निसर्गाशी वागण्याची रीत रक्तातून येत नाही, ती संगतीने येते, हे दहाव्या वर्षीच्या मुलाला नीट समजेल असे उदाहरण आहे. ते धड्यात का नसावे?

संगतीचा हा परिणाम फार लवकर सुरू होतो. २०१० मध्ये पॅट्रिशिया हेरमान, सँड्रा वॅक्समन आणि मेडिन यांनी शहरी मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसाच्या शरीरात अमुक एक गोष्ट असते असे सांगून, ती इतर प्राण्यांतही असेल का, असे मुलांना विचारले. मग तोच प्रश्न कुत्र्यापासून सुरू करून विचारला. पाच वर्षांची मुले माणसाला मापदंड धरून उत्तरे देत होती : माणसात आहे तर प्राण्यांत असेल, पण कुत्र्यात आहे म्हणून इतरांत असेलच असे नाही. तीन वर्षांच्या मुलांत हा कल नव्हता. म्हणजे माणूस केंद्रस्थानी आणि बाकी सृष्टी भोवती, ही मांडणी मूल जन्मताना घेऊन येत नाही. शहरातले मूल ती तिसऱ्या आणि पाचव्या वर्षांच्या दरम्यान उचलते. चित्रांच्या गोष्टींतले कपडे घालून बोलणारे ससे आणि अस्वले यात हातभार लावत असतील, असा संशोधकांचा कयास आहे. तुमचे पुस्तक मुलाच्या हाती पडते तेव्हा पहिला धडा आधीच झालेला असतो. म्हणून पहिली-दुसरीच्या पुस्तकांतली चित्रेही पर्यावरणाच्या धड्याइतक्याच काळजीने निवडली पाहिजेत.

आता तुमच्यापैकी अनेकांना आवडणाऱ्या एका उपायाबद्दल. पूर्वजांनी निसर्गाला देव मानले, आपणही मानू या, असा परिच्छेद बऱ्याच पुस्तकांत असतो. श्रद्धेबद्दल मला मनापासून आदर आहे, तरीही हा परिच्छेद अर्धवट आहे असे मला वाटते. १९६७ मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी पर्यावरणाच्या संकटाचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात शोधले, आणि पूर्वेचे धर्म निसर्गस्नेही, पश्चिमेचे नाहीत, अशी सोपी विभागणी पुष्कळांनी करून टाकली. पुढच्याच वर्षी भूगोलज्ञ यी-फू तुआन यांनी चीनकडे बोट दाखवले. डोंगर-पाण्याची चित्रे काढणाऱ्या आणि ताओ व बुद्ध मानणाऱ्या त्या देशातही जंगले शतकानुशतके तुटत राहिली. बौद्धांच्या दहनविधीने काही भागांत लाकडाची टंचाई झाली. निसर्गाची थोरवी ज्या शाईने लिहिली, तिच्यासाठी लागणारी काजळी पाइनची झाडे जाळून मिळवली जात होती. नदीला आई म्हणणारा समाज तिच्यातच सांडपाणी सोडू शकतो, आणि त्यात त्याला विसंगती दिसत नाही, कारण आई कधी मैली होत नाही अशी त्याची खात्री असते.

मग श्रद्धा कुठे कामाला येते? ती रोजच्या नियमात उतरते तिथे. बाली बेटावरच्या भातशेतीचे उदाहरण मी आवर्जून सुचवते, कारण त्यात धर्म, शेती आणि परिसंस्था एकमेकांत गुंतलेल्या दिसतात. तिथे शेतकऱ्यांच्या 'सुबक' नावाच्या पाणीवाटप संस्था आहेत, आणि कालव्यांच्या फाट्यांवर जलमंदिरे आहेत. कोणत्या सुबकाने लावणी कधी करायची आणि शेते कधी मोकळी ठेवायची, हे या मंदिरांच्या पंचांगानुसार ठरते. १९७० च्या दशकात हरित क्रांतीच्या अधिकाऱ्यांनी हे निव्वळ कर्मकांड मानले. नवी वाणे घ्या, जमेल तितक्या वेळा पीक काढा, असा आग्रह धरला गेला. पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि किडींनी पिके खाल्ली.

मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी यामागची यंत्रणा उलगडून दाखवली. शेजारची सगळी शेते एकाच वेळी मोकळी राहिली की किडीला खायला काही उरत नाही. पण सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली तर पाणी कमी पडते. या दोन गरजांचा मेळ मंदिरांचे पंचांग घालत होते. कालव्याच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला खरे तर पाणी वाटून घ्यायची गरज नाही, ते त्याच्याच हातात आहे. पण खालच्याने वेगळ्या वेळी लावणी केली तर कीड त्याच्याही शेतात येणार, म्हणून तो पाणी सोडतो. पूजा, भीती, शेजारधर्म आणि कीडनियंत्रण हे सगळे एकाच व्यवस्थेत बसलेले होते. २०१२ मध्ये युनेस्कोने या भूप्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. यावर सहावी-सातवीच्या वर्गात दोन तास मजेत जातील, आणि कीटकांचे जीवनचक्रही त्याच ओघात शिकवून होईल.

देवाशिवायही नियम टिकतात, हेही सांगायला हवे. स्वित्झर्लंडमधल्या टॉर्बेल गावात १५१७ सालचा एक नियम आहे : हिवाळाभर जितक्या गायी स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. सामाईक कुरण कुणाचेच नसते म्हणून ते उजाड होते, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये कल्पनेतले कुरण घेऊन मांडले. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी टॉर्बेलसारखी खरीखुरी गावे अभ्यासून, लोक स्वतःचे नियम करतात आणि शतकानुशतके पाळतात, हे दाखवले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या पुस्तकांत हार्डिन यांचे उजाड कुरण कुठल्या ना कुठल्या रूपात असतेच. टॉर्बेलचे हिरवे कुरण नसते.

दृष्टी बदलते, कधी कधी एका पिढीत बदलते, हे मुलांना कळणे मला सर्वांत निकडीचे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोपीवर पक्ष्यांची पिसे, कधी अख्खे पक्षीही, लावायची पद्धत होती. बगळ्यांची सर्वांत सुंदर पिसे विणीच्या हंगामात येतात. शिकारी नेमके तेव्हा घरट्यांवर जात, मोठे पक्षी मारत, आणि पिल्ले उपाशी मरत. ही पिसे वजनाने सोन्यापेक्षा महाग विकली जात होती. तशी टोपी घालणारी बाई दुष्ट नव्हती. तिच्या समाजात ती प्रतिष्ठेची खूण होती. १८९६ मध्ये बॉस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघी नात्यातल्या बायकांनी शहरातल्या प्रतिष्ठित घरांची यादी घेतली, एकेकीला चहाला बोलावले आणि पिसे न वापरण्याची गळ घातली. सुमारे ९०० जणी तयार झाल्या, आणि त्यातून मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन सोसायटी ही पक्षीरक्षणाची संस्था उभी राहिली. इंग्लंडमध्ये १८८९ पासून बायकांच्याच पुढाकाराने अशीच चळवळ सुरू होती. १९१८ मध्ये अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण देणारा कायदा झाला, १९२१ मध्ये ब्रिटनने पिसांच्या आयातीवर बंदी घातली. ज्या प्रतिष्ठेने पक्षी मारले, तीच प्रतिष्ठा त्यांना वाचवायला वापरली गेली. कायदा मागाहून आला. देवमाशांचेही थोडेफार असेच झाले. तेलाचा साठा म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जात होते, त्यांचे आवाज १९७० मध्ये ध्वनिमुद्रिकेवर लोकांनी घराघरांत ऐकले, आणि १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय झाला. त्यामागे वैज्ञानिकांची आकडेवारी होती, तशी ती गाणी ऐकून हललेली मनेही होती.

दृष्टी उलट दिशेनेही सरकते, आणि तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. फ्लोरिडातल्या की वेस्ट बंदरावर हौशी मासेमार दिवसाच्या शेवटी आपल्या पकडीसोबत फोटो काढून घेतात. लोरेन मॅक्लेनाहन या संशोधिकेने अशा जुन्या-नव्या फोटोंतले मासे मोजले. १९५६ मध्ये त्या माशांचे सरासरी वजन १९.९ किलो होते, २००७ मध्ये २.३ किलो. माणसांच्या चेहऱ्यावरचा आनंद मात्र दोन्ही फोटोंत सारखाच आहे. आपल्या लहानपणी जे पाहिले तेच निसर्गाचे मूळ रूप असे प्रत्येक पिढी धरून चालते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये याकडे लक्ष वेधले होते. यावरचा उपक्रम अगदी साधा आहे. घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारायचे : तुमच्या लहानपणी कोणते पक्षी, मासे, झाडे नेहमी दिसायची? ती यादी आपल्या यादीशेजारी लिहायची. झाडाच्या चित्रात रंग भरण्यापेक्षा हे मुलांच्या जास्त काळ लक्षात राहते, हा वर्गातला अनुभव आहे.

चित्रांचाच विषय निघाला म्हणून सांगते. 'निसर्ग' या शीर्षकाखाली आपण डोंगर, धबधबा आणि हरणे छापतो. माणूस कुठेच नसतो. या कल्पनेलाही इतिहास आहे, आणि तो वेदनेचा आहे. १८७२ मध्ये अमेरिकेतले यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, तेव्हा तिथे शोशोनी लोकांचा एक गट राहत होता आणि इतर अनेक जमातींचा वावर होता. पुढच्या काही वर्षांत त्यांना बाहेर काढले गेले, आणि हा प्रदेश पहिल्यापासून निर्मनुष्य असल्यासारखा जगाला दाखवला गेला. अमेरिकेतल्याच योसेमिटी या दुसऱ्या उद्यानातली ज्यांची वाखाणणी होते ती कुरणे तिथल्या मूळ रहिवाशांनी वणवे लावून मोकळी राखलेली होती. माणूस नसलेले चित्र छापले की जंगलात पिढ्यानपिढ्या राहणारे लोक मुलाला घुसखोर वाटू लागतात.

आणि कृपा करून, पर्यावरणाची काळजी ही पोट भरलेल्यांची चैन आहे अशा अर्थाचे काही लिहू नका. १९७३ मध्ये गढवालमध्ये शेतीच्या अवजारांसाठी अंगूची झाडे मागणाऱ्या गावकऱ्यांना नकार मिळाला, आणि तीच झाडे खेळाचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीला दिली गेली. चिपकोची ठिणगी तिथे पडली. पुढच्या वर्षी रेणी गावात गौरा देवी आणि त्यांच्या सोबतिणींनी ठेकेदाराची माणसे परतवली, त्यामागे चारा, जळण, पाणी आणि १९७० च्या अलकनंदेच्या पुराची ताजी आठवण होती. जपानच्या मिनामाता गावाची कथाही मुलांना सांगायला हवी. कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने तिथे रोग पसरला, १९५६ मध्ये त्याची अधिकृत नोंद झाली, आणि कारण सरकारने मान्य केले १९६८ मध्ये. मधल्या काळात आजारी कोळी कुटुंबांना गावातल्याच लोकांनी वाळीत टाकल्यासारखे वागवले, कारण गावाचे पोट त्या कारखान्यावर होते. पाऱ्याचे रसायनशास्त्र आपण शिकवतो. शेजाऱ्याने तोंड का फिरवले, हे शिकवत नाही.

न्यूझीलंडमध्ये २०१७ साली व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला. 'मीच नदी, नदी म्हणजे मी' असे म्हणणाऱ्या माओरींनी त्यासाठी शतकाहून अधिक काळ लढा दिला होता. नदीच्या वतीने बोलायला दोन पालक नेमले जातात, एक सरकारचा आणि एक नदीकाठच्या जमातींचा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याला जागा द्या. पर्यावरण हा विषय एका धड्यापुरता बांधून ठेवण्याची गरज नाही.

तुमच्यावर पानांचे बंधन असते, हे जाणून आहे. म्हणून जास्तीची पाने मागत नाही. 'मानवाने' या कर्त्याने सुरू होणारे प्रत्येक वाक्य तपासा आणि तिथे कोणत्या लोकांनी, कोणत्या काळी, कुणाच्या फायद्यासाठी, कोणत्या नियमाखाली, हे लिहा. जागा तेवढीच लागेल. संकल्पाचा प्रश्न पाच गुणांचा असतो, तो बदला. त्याऐवजी टॉर्बेलचा नियम द्या आणि विचारा : हा नियम गावाने का केला असेल? तो मोडल्यास पहिले नुकसान कुणाचे? तुमच्या शाळेच्या पाण्यासाठी असा एक नियम करा आणि तो मोडणाऱ्याचे काय करायचे तेही लिहा. उत्तरे एकसारखी येणार नाहीत, तपासायला वेळ लागेल, काही शिक्षक कुरकुर करतील. तो वेळ आम्ही देऊ. फक्त शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत गुणदानाचे नमुने द्या आणि पुनर्रचनेच्या पुढच्या बैठकीआधी वर्गांतून असे प्रश्न मागवा. माझ्याकडचे प्रश्न आणि मुलांची उत्तरे मी पाठवायला तयार आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका